फिरता पट्टा, अडखळते पाऊल : अर्धांगवायूनंतर ट्रेडमिल कितपत उपयोगी?

अर्धांगवायूच्या झटक्यातून वाचलेल्या रुग्णाला पुन्हा चालते करण्यासाठी ट्रेडमिलचा वापर गेली तीन दशके होत आहे. या यंत्राकडून किती अपेक्षा ठेवावी, ते कोणाला उपयोगी पडते आणि कोणाला त्यापासून धोका संभवतो, याविषयी आता बरीच स्पष्टता आली आहे. त्याचा हा आढावा.

अर्धांगवायूचा झटका येऊन गेला, जिवावरचे संकट टळले आणि रुग्ण अतिदक्षता विभागातून साध्या खोलीत आला, की त्याचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : ‘मी पुन्हा चालू शकेन ना?’ हाच प्रश्न घरची मंडळीही बाहेरच्या व्हरांड्यात डॉक्टरांना दबक्या आवाजात विचारतात. एक हात निकामी झाला तरी माणूस दुसऱ्या हाताने घास घेऊ शकतो. पाय उचलला नाही तर मात्र न्हाणीघरापर्यंत जायलाही कोणाचा तरी खांदा लागतो. त्या खांद्यासाठी घरातल्या कोणाला तरी नोकरी सोडावी लागते किंवा दिवसभराचा माणूस ठेवावा लागतो. त्यामुळे रुग्णाच्या चालण्यावर साऱ्या घराची घडी अवलंबून असते.

रुग्ण घरी आला की सल्ल्यांचा ओघ सुरू होतो. कोणी मालिशवाल्याचा पत्ता देतो, कोणी ‘सहा महिन्यांत काय व्हायचे ते होईल, पुढे काही नाही’ असे बजावतो, तर कोणी सरळ ट्रेडमिल विकत घेण्यास सुचवतो. व्यायामशाळेतले किंवा हृदयाच्या ‘टीएमटी’ तपासणीतले हे यंत्र लकवा झालेल्या माणसाला खरोखरच चालते करील काय? हजारो रुपये खर्चण्यापूर्वी या प्रश्नाचे उत्तर जाणून घेणे हिताचे आहे.

बिघाड पायात नव्हे, मेंदूत

मेंदूला रक्त पुरवणाऱ्या वाहिनीत गुठळी अडकली किंवा वाहिनी फुटून रक्तस्राव झाला, की त्या भागातील पेशी मरू लागतात. यालाच वैद्यक ‘स्ट्रोक’ म्हणते; मराठीत पक्षाघात किंवा अर्धांगवायू. मेंदूचा डावा भाग शरीराच्या उजव्या बाजूचे आणि उजवा भाग डाव्या बाजूचे नियंत्रण करतो. त्यामुळे झटका ज्या बाजूला आला, त्याच्या विरुद्ध बाजूचे हातपाय लुळे पडतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. पायाचे स्नायू, हाडे व सांधे झटक्याच्या दिवशी शाबूत असतात. त्यांना हुकूम पोहोचवणारी वाट तुटलेली असते. काही आठवड्यांत थोडी शक्ती परतते, पण चाल बदललेली असते. चवडा खाली लोंबतो, टाच आधी टेकत नाही, गुडघा वाकत नाही आणि रुग्ण पाय कमरेपासून अर्धवर्तुळात फेकत पुढे नेतो. लुळ्या पायावर भार टाकण्याची भीती वाटत असल्याने त्या पायावर तो क्षणभरच उभा राहतो व चांगल्या पायाचे पाऊल घाईने टाकतो. अशा चालीत शक्ती फार खर्च होते. घरातल्या घरात दोन फेऱ्या मारल्या तरी दम लागतो.

ही चाल किती सुधारली, हे मोजण्याचे एक सोपे माप तज्ज्ञ वापरतात, ते म्हणजे वेग. निरोगी प्रौढ व्यक्ती सहज चालताना सेकंदाला साधारण १.२ ते १.४ मीटर अंतर कापते. झटक्यानंतर ज्यांचा वेग सेकंदाला ०.४ मीटरपेक्षा कमी असतो, त्यांचे चालणे बहुधा घरापुरते राहते. ०.४ ते ०.८ मीटर वेगाची माणसे मर्यादित प्रमाणात बाहेर पडू शकतात. ०.८ च्या पुढे गेलेला रुग्ण बाजारहाट, बँक, देऊळ अशा ठिकाणी बऱ्याच अंशी स्वतःच्या भरवशावर जाऊ शकतो. वेगळ्या शब्दांत सांगायचे, तर १० मीटर अंतराला २५ सेकंदांहून अधिक वेळ लागत असेल तर पहिली पायरी आणि साडेबारा सेकंदांच्या आत ते अंतर पार झाले तर तिसरी. ट्रेडमिलच्या पडद्यावर वेग ताशी किलोमीटरमध्ये दिसतो. त्या हिशेबाने या दोन सीमारेषा सुमारे १.४ आणि २.९ किलोमीटरच्या आहेत.

मांजरांच्या प्रयोगातून माणसांपर्यंत

लकवा झालेल्या माणसाला फिरत्या पट्ट्यावर उभे करण्याच्या कल्पनेमागे मांजरांवरील प्रयोगांचा मोठा इतिहास आहे. थॉमस ग्रॅहम ब्राऊन या शास्त्रज्ञाने १९११ मध्ये दाखवून दिले, की मांजराच्या मज्जारज्जूचा मेंदूशी असलेला संबंध तोडला तरी पायांच्या आळीपाळीच्या हालचालींची लय मज्जारज्जू स्वतः निर्माण करू शकतो. पुढे १९८७ मध्ये कॅनडातील माँट्रियल येथे ह्यूग बार्ब्यू आणि सर्ज रॉसिन्योल यांनी मज्जारज्जू तोडलेल्या प्रौढ मांजरांना ट्रेडमिलवर नियमित सराव दिला. फिरत्या पट्ट्यावर या मांजरांचे मागचे पाय पुन्हा पावले टाकू लागले.

माणूस दोन पायांवर चालतो आणि त्याच्या चालण्यात मेंदूचा वाटा मांजरापेक्षा खूप मोठा आहे. तरीही या प्रयोगांनी दोन सूत्रे दिली. मागे सरकणारा पट्टा पायाला मागे खेचतो, मांडीचा सांधा ताणला जातो आणि पुढचे पाऊल टाकण्याची चेतना मिळते, हे पहिले सूत्र. जे कौशल्य परत मिळवायचे त्याचाच पुनःपुन्हा सराव करावा, हे दुसरे. मेंदूतील शाबूत पेशी नवे जोड निर्माण करून हरवलेल्या कामाचा काही भार उचलू शकतात. मात्र त्यासाठी ते काम असंख्य वेळा करावे लागते.

नेमके हेच रूढ उपचारांत कमी पडत होते. अमेरिका व कॅनडातील उपचारसत्रांचे निरीक्षण करून २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, चालण्याचा सराव असलेल्या सत्रात रुग्ण सरासरी ३५७ पावले टाकतो, असे आढळले. धडधाकट माणूस एवढी पावले चार मिनिटांत टाकतो. ट्रेडमिलवर हीच संख्या काही पटींनी वाढवता येते, हे या यंत्राचे मुख्य आकर्षण होय.

प्रत्यक्ष सराव कसा चालतो?

रुग्णालयातील सरावाचे ट्रेडमिल दिसायला व्यायामशाळेतल्यासारखेच असले, तरी त्याच्यावर एक मजबूत चौकट असते. तिच्यापासून लोंबणारा रुंद पट्ट्यांचा पोशाख, म्हणजेच हार्नेस, रुग्णाच्या छाती-कमरेभोवती व मांड्यांमध्ये बांधतात. गिर्यारोहक दोराला अडकवून घेतात, तसाच हा प्रकार. चौकटीवरील यंत्रणेने रुग्णाच्या वजनाचा काही भाग, सुरुवातीला साधारण ३० ते ४० टक्क्यांपर्यंत, उचलून धरला जातो. उरलेला भार पायांवर राहतो. गुडघा मुडपला तरी रुग्ण खाली कोसळत नाही आणि पडण्याची भीती कमी झाल्याने पाऊल मोकळे होते.

पट्टा अगदी संथ सुरू करतात. एक भौतिकोपचार तज्ज्ञ रुग्णाच्या लुळ्या बाजूला बैठक मारून त्याचा पाय हाताने पुढे आणतो, टाच आधी टेकेल याची काळजी घेतो. दुसरा मागे उभा राहून कंबर सरळ ठेवतो व भार आलटून पालटून दोन्ही पायांवर जाईल हे पाहतो. काही मिनिटे चालणे, मग विश्रांती, पुन्हा चालणे असा क्रम असतो. नाडी व रक्तदाब अधूनमधून तपासला जातो. प्रगती दिसू लागली की एकेक आधार काढायचा : प्रथम उचललेले वजन कमी करायचे, मग कठड्यावरचा हात सोडवायचा, वेग वाढवायचा आणि शेवटी जमिनीवर चालवायचे.

हे काम उपचार करणाऱ्यांसाठीही कष्टाचे आहे. वीस मिनिटे वाकून दुसऱ्याचा पाय उचलत राहिल्याने तज्ज्ञांचीच पाठ धरते. या अडचणीतून पुढे रुग्णाचे पाय स्वयंचलित रीतीने हलवणारी रोबोट यंत्रे निघाली. स्वित्झर्लंडमधील ‘लोकोमॅट’ हे त्यांतले सर्वाधिक परिचित नाव.

आशादायक सुरुवात

बर्लिन येथील श्टेफान हेसे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ व १९९५ मध्ये, स्वतःच्या बळावर चालू न शकणाऱ्या मोजक्या रुग्णांवरील या पद्धतीचे अनुभव प्रसिद्ध केले. रुग्णांच्या चालण्यात दिसलेली सुधारणा उत्साहवर्धक होती. पाठोपाठ १९९८ मध्ये माँट्रियलच्या गटाने १०० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोन्ही गटांनी सहा आठवडे ट्रेडमिलवर सराव केला. निम्म्यांचे वजन ४० टक्क्यांपर्यंत उचलून धरले होते, निम्म्यांना पूर्ण भार पेलावा लागला. तोल, वेग व दमश्वास या बाबतींत आधार मिळालेला गट सरस ठरला. ज्यांच्यात थोडी शक्ती परतली होती, त्यांच्यासाठी वेगाचा सराव उपयोगी असल्याचे जर्मनीतील २००२ च्या, ६० रुग्णांवरील अभ्यासाने दाखवले. त्यात टप्प्याटप्प्याने वेग वाढवत नेलेल्या गटाची प्रगती इतरांपेक्षा अधिक होती.

मात्र याच काळात एक सावध सूरही उमटला. स्वीडनमधील ७३ रुग्णांच्या २००१ च्या अभ्यासात ट्रेडमिलवर चालवलेले आणि साध्या जमिनीवर चालवलेले रुग्ण शेवटी एकाच पातळीवर पोहोचले. यंत्राचा लाभ खरा, की लाभ केवळ चालण्याचा, हा प्रश्न त्यामुळे उभा राहिला.

मोठ्या कसोटीचा निकाल

या प्रश्नाचा कस लावणारा मोठा अभ्यास अमेरिकेत झाला. ‘लीप्स’ या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या या अभ्यासाचे नेतृत्व पामेला डंकन यांनी केले व त्याचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे ४०८ रुग्णांचे तीन गट पाडले गेले. एका गटाला झटक्यानंतर दोन महिन्यांनी ट्रेडमिलचा सराव मिळाला, दुसऱ्याला सहा महिन्यांनी. तिसऱ्या गटाकडे ट्रेडमिल नव्हतेच. भौतिकोपचार तज्ज्ञ त्यांच्या घरी जाऊन शक्ती व तोल वाढवणारे व्यायाम करून घेत. प्रत्येक गटाला ९० मिनिटांची ३६ सत्रे मिळायची होती.

वर्षअखेरीस ५२ टक्के रुग्णांची चालण्याची पातळी उंचावली होती. परंतु तिन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. खर्चिक यंत्र, हार्नेस आणि दोन-तीन माणसांचा ताफा यांनी जे साधले, तेच घरच्या खोलीत एका तज्ज्ञाने साधले होते. शिवाय ट्रेडमिलच्या गटांत सरावाच्या वेळी चक्कर वा घेरी येण्याचे प्रकार अधिक घडले. ज्यांची चाल फारच मंद होती व ज्यांना लवकर ट्रेडमिलवर घेतले गेले, अशांमध्ये वारंवार पडण्याचे प्रमाणही जास्त आढळले.

जगभरातील अशा अभ्यासांचा एकत्रित लेखाजोखा ‘कॉक्रेन’ या संस्थेने २०१७ मध्ये मांडला. त्यात ५६ अभ्यास व ३१०५ रुग्णांचा समावेश होता. इतर उपचारांच्या तुलनेत ट्रेडमिलमुळे आधाराशिवाय चालू लागण्याची शक्यता वाढत नाही. वेग आणि दमश्वास मात्र थोडे वाढतात, असा त्याचा निष्कर्ष आहे. वेगातील सरासरी वाढ सेकंदाला ०.०६ मीटर, म्हणजे मिनिटाला साडेतीन मीटरच्या आसपास. सहा मिनिटांत कापलेल्या अंतरातील वाढ सुमारे १४ मीटर. आणि हा लाभ प्रामुख्याने सरावाच्या प्रारंभी स्वतः चालू शकणाऱ्यांना झाला.

या निष्कर्षाला एक पुरवणी जोडायला हवी. जे रुग्ण मुळीच चालू शकत नाहीत, त्यांच्यासाठी हार्नेस निरुपयोगी ठरला असा याचा अर्थ नाही. ऑस्ट्रेलियातील १२६ रुग्णांच्या २०१० च्या अभ्यासात, सहा महिन्यांत चालू लागलेल्यांचे प्रमाण ट्रेडमिलच्या गटात ७१ टक्के, तर जमिनीवर सराव केलेल्या गटात ६० टक्के होते. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक ठाम म्हणता येत नाही, तथापि ट्रेडमिलमुळे चाल बिघडते ही शंका त्यातून दूर झाली.

खरा लाभ दमश्वासाचा

गेल्या काही वर्षांत ट्रेडमिलकडे पाहण्याची दृष्टी बदलली आहे. झटक्यानंतर महिनोन्‌महिने बसून राहिल्याने हृदय व फुप्फुसांची क्षमता घटते, स्नायू आक्रसतात आणि दुसऱ्या झटक्याचा धोका वाढवणारे रक्तदाब, मधुमेह हे विकार बळावतात. ट्रेडमिलवर वेग व चढ मोजून देता येतो, नाडीवर लक्ष ठेवता येते. त्यामुळे दमश्वास वाढवण्याचे साधन म्हणून ते कामी येते. अमेरिकेतील बाल्टिमोर येथे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, झटक्याला बराच काळ उलटलेल्या ६१ रुग्णांपैकी एका गटाने आठवड्यातून तीन वेळा, सहा महिने असा सराव केला. त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता आणि सहा मिनिटांत चालण्याचे अंतर दोन्ही वाढले.

अमेरिकेतील मज्जासंस्थेच्या भौतिकोपचार तज्ज्ञांनी २०२० मध्ये ठरवलेली मार्गदर्शक तत्त्वे याच दिशेने जातात. झटक्याला सहा महिने उलटलेल्या व चालू शकणाऱ्या रुग्णांना मध्यम ते जोरकस श्रमाचा चालण्याचा सराव द्यावा, असे ती सांगतात. वजन उचलून धरणारे ट्रेडमिल वा रोबोट यांचा वापर अशा रुग्णांसाठी टाळावा, असेही सुचवतात. त्यानंतर २०२३ मध्ये ५५ रुग्णांवरील एका अभ्यासाने वेगवान चालणे व विश्रांती आलटून पालटून देणाऱ्या सरावाची तुलना मध्यम गतीच्या अखंड सरावाशी केली. बारा आठवड्यांनंतर सहा मिनिटांतील अंतर पहिल्या गटात सरासरी ७१ मीटरने, तर दुसऱ्यात २७ मीटरने वाढले होते.

याचा अर्थ घाईने जोर लावावा असा मात्र नव्हे. झटका येऊन थोडेच दिवस झालेल्या २०० रुग्णांवर जर्मनीत झालेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ट्रेडमिलवरील श्रमाच्या सरावाने विश्रांतीच्या व्यायामांपेक्षा अधिक लाभ झाला नाही. गंभीर दुष्परिणाम मात्र अधिक दिसले. त्याआधी २०१५ मध्ये २१०४ रुग्णांच्या ‘ॲव्हर्ट’ या अभ्यासातही, पहिल्या २४ तासांत रुग्णाला वारंवार व दीर्घकाळ उठवून चालवण्याचा आग्रह अपायकारक ठरल्याचे आढळले होते. सरावाइतकीच त्याची वेळही महत्त्वाची, हा या दोन्हींचा बोध आहे.

घरी ट्रेडमिल आणावे का?

आपल्याकडील बहुसंख्य कुटुंबांपुढे खरा प्रश्न हा आहे. घरगुती ट्रेडमिलला वर चौकट नसते, हार्नेस नसतो. त्याचा पट्टा निरोगी माणसाच्या चालीसाठी बनवलेला असतो आणि लुळा पाय एकदा मागे राहिला की पट्टा थांबत नाही. एका हाताची पकड नसलेला रुग्ण कठड्याला धरूनही तोल सावरू शकत नाही. झटक्यानंतर ज्याला जमिनीवर काठीच्या आधारानेही दहा-पंधरा मिनिटे स्थिर चालता येत नाही, त्याच्यासाठी घरातील ट्रेडमिल हे अपघाताला निमंत्रण आहे.

ज्यांची चाल सुधारली आहे आणि ज्यांना दमश्वास वाढवायचा आहे, त्यांनीही आधी डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी करून घ्यावी आणि पहिली काही सत्रे भौतिकोपचार तज्ज्ञाच्या देखरेखीखाली करावीत. आपत्कालीन थांब्याची दोरी अंगावरील कपड्याला अडकवलेली असावी. पायांत स्लिपर नव्हे, तर बंद बूट असावेत. घरातील जाणते माणूस लुळ्या बाजूला उभे राहिलेले असावे. छातीत दुखणे, घेरी, तीव्र डोकेदुखी, बोलणे अडखळणे किंवा अचानक वाढलेला अशक्तपणा यांपैकी काहीही जाणवले तर सराव तत्काळ थांबवून वैद्यकीय मदत घ्यावी.

यंत्र परवडत नाही म्हणून खंत करण्याचे कारण नाही. ‘लीप्स’मधील तिसऱ्या गटाने ट्रेडमिलशिवायच तेवढी मजल मारली होती. चाळीची गॅलरी, इमारतीचा व्हरांडा किंवा अंगण हीच त्यासाठी जागा. जमिनीवर १० मीटर अंतराच्या दोन्ही टोकांना खडूने रेघ ओढावी, दर आठवड्याला एकदा घड्याळ लावून वेळ नोंदवावी. खुर्चीतून उठणे-बसणे, पायरीवर चढणे-उतरणे, कठड्याला धरून एका पायावर भार टाकणे हे व्यायाम जोडीला असावेत. पावसाळ्यात ओल्या फरशीवर चालण्याचा मोह टाळावा.

मात्र येथेही एक इशारा आवश्यक आहे. भारतातील १४ रुग्णालयांत, १२५० रुग्णांचा समावेश असलेला ‘अटेंड’ हा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णाच्या घरच्यांना थोडे शिक्षण देऊन त्यांच्याकडूनच पुनर्वसनाचे व्यायाम करून घ्यावेत, अशी ती कल्पना होती. सहा महिन्यांनी मृत्यू अथवा परावलंबित्वाचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच, ४७ टक्के राहिले. घरच्यांची माया व कष्ट अमोल असले, तरी ते प्रशिक्षित भौतिकोपचार तज्ज्ञाची जागा घेऊ शकत नाहीत. पैसा मर्यादित असेल तर तो यंत्रापेक्षा अशा तज्ज्ञाच्या नियमित भेटींवर खर्च करणे शहाणपणाचे. मुंबईत हाजी अली येथे १९५५ पासून असलेली अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आणि वैद्यकीय महाविद्यालयांशी संलग्न सरकारी व महापालिका रुग्णालयांतील भौतिकोपचार विभाग यांची दारेही सामान्य रुग्णांसाठी आहेत.

सहा महिन्यांची भीती

शेवटी त्या ‘सहा महिन्यांनंतर काही नाही’ या समजाविषयी. सुरुवातीच्या तीन ते सहा महिन्यांत सुधारणा सर्वांत वेगाने होते, हे खरे. त्यामुळे हा काळ वाया घालवू नये. परंतु ‘लीप्स’मधील ज्या गटाचा ट्रेडमिलवरील सराव सहा महिन्यांनी सुरू झाला, त्याचीही त्यानंतर प्रगती झाली आणि वर्षअखेरीस तो इतरांच्या बरोबरीला आला. २०२३ च्या अभ्यासातील रुग्णांना तर झटका येऊन सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतचा काळ लोटला होता. सहा महिन्यांनंतर बंद होते ती बहुतेकदा रुग्णाची प्रगती नसते. बंद होतो तो सराव. कधी पैशाअभावी, कधी कंटाळ्यामुळे, तर कधी ‘आता काय उपयोग’ या शब्दांमुळे. खडूच्या दोन रेघांमधले अंतर गेल्या महिन्यात ३० सेकंदांत पार झाले असेल आणि या महिन्यात २६ लागले असतील, तर त्या घराने सराव सोडू नये.